फिल्टर दुर्बिणीच्या तोंडावर हवा

दुर्बिणीतून सूर्य पाहायचा तर फिल्टर पुढच्या भिंगावर बसला पाहिजे, डोळा लावतो त्या टोकाला नाही. आमच्या नागपुरातल्या गच्चीवर २५ ऑक्टोबर २०२२ रोजी हे सगळ्यांना एकदमच पटलं. आदल्या दिवशी लक्ष्मीपूजन, दुसऱ्या दिवशी पाडवा आणि मधल्या अमावास्येला खंडग्रास ग्रहण. तेही ग्रस्तास्त, म्हणजे ग्रहण सुटण्याआधीच सूर्य मावळणार. पश्चिमेला मोकळी असलेली आमची गच्ची दुपारपासूनच भरली होती.

शेजारचा मुलगा घरातली ६० मिमीची जुनी दुर्बीण घेऊन वर आला. खोक्यातच एक छोटी काळी काच होती, आयपीसला फिरवून बसवायची, कडेवर ‘सन’ असं कोरलेली. मी नको म्हणालो तर म्हणतो, “कंपनीनंच देल्ली ना जी काका, मंग काऊन नाही चालणार?” वाद घालण्यापेक्षा दाखवणं बरं. ग्रहण लागायला अवकाश होता. दुर्बीण सूर्यावर लावली, आयपीसपाशी कुणालाही फिरकू दिलं नाही आणि वाट पाहत बसलो. थोड्या वेळानं टक् आवाज आला. काच काढली तर आरपार तडा. हे ऑक्टोबरच्या उतरत्या उन्हात!

दिवसा आपली बाहुली आकसून २ मिमीच्या आसपास येते. ६० मिमीचं भिंग तिच्या ९०० पट प्रकाश गोळा करतं आणि तो सगळा त्या इवल्याशा काचेवर येऊन पडतो. काच तडकते तेव्हा डोळा लावलेला असेल तर बाजूला व्हायलाही वेळ मिळत नाही. दृष्टिपटलाला वेदना होत नाहीत, त्यामुळे भाजल्याचं त्याच क्षणी कळतही नाही. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, नजरेच्या बरोबर मध्यभागी डाग दिसू लागतो आणि त्यावर खात्रीचा इलाज नाही.

ग्रहणाचा चष्मा घालून दुर्बिणीत डोकावणं तितकंच घातक. त्या चष्म्यावरचं आयएसओ १२३१२-२ हे मानक नुसत्या डोळ्यांनी पाहण्यापुरतं आहे. एकवटलेला झोत ती फिल्म जाळून आत शिरतो. एक्स-रे, सीडी, काजळी धरलेली काच यांचं नावही काढू नका.

पुण्याच्या आयुकानं बनवलेली आणि आदित्य-एल१ यानावर बसून सूर्य पाहणारी ‘सूट’ दुर्बीणही हाच नियम पाळते. तिच्या तोंडावरच थर्मल फिल्टर आहे. नको असलेली बहुतेक ऊर्जा तिथूनच परत जाते.

आपल्यासारख्यांनी घ्यायची ती सौर फिल्म. मी बाडर कंपनीची वापरतो. तिच्यात दोन प्रकार येतात आणि घोटाळा तिथेच होतो. ऑप्टिकल डेन्सिटी ५ असलेली फिल्म प्रकाशाचा लाखातला एक भाग आत सोडते. डोळ्यांनी पाहायला हीच. ३.८ ची फोटोसाठी आहे, तिच्यातून जवळपास १६ पट जास्त प्रकाश येतो. काचेचे चांगले फिल्टरही मिळतात, फक्त महाग पडतात. हर्शेल वेज हा आयपीसपाशी बसवायचा खास प्रिझम भिंगाच्या दुर्बिणीलाच चालतो, आरशाच्या नाही. नवशिक्यानं त्याच्या वाटेला जाऊच नये.

फिल्म ताणून बसवू नका. सुरकुत्यांनी प्रतिमा बिघडत नाही, ताणल्यानं बिघडते. जाड पुठ्ठ्याची कडी करा, नळीवर घट्ट बसेल अशी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो, चिकटपट्टीचा डिंक पाघळतो आणि मग एक वावटळ पुरते. म्हणून मी कडी वरून नाडीनं नळीला बांधतो. दर वेळी वापरण्याआधी फिल्म दिव्यासमोर धरून पाहतो. सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला तरी ती कचऱ्यात.

आणि फाइंडर! मुख्य दुर्बिणीला फिल्टर लावून फाइंडर उघडा ठेवणारे मी कितीतरी पाहिलेत. तोही दुर्बीणच आहे. काढून खिशात ठेवा. नेम धरायला नळीची सावली पुरते. ती सगळ्यात लहान झाली की सूर्य समोर आला.

ग्रहणाचीच वाट पाहायला हवी असं नाही. मे २०२४ मध्ये लडाखच्या हानलेत सौरवादळामुळे आकाश लाल झालं होतं. ज्या सौरडागांच्या समूहामुळे ते घडलं, तो इथून याच फिल्ममधून स्पष्ट दिसत होता. ऊन तापण्याआधी, सकाळी सात-आठला बघा, प्रतिमा थरथरत नाही.

२ ऑगस्ट २०२७ ला भारताच्या बऱ्याच भागातून खंडग्रास ग्रहण आहे. नागपुरात तेव्हा ढगांचा भरवसा नाही, पण ग्रहणाच्या तोंडावर जी सापडेल ती फिल्म आणण्याची पाळी येऊ देऊ नका. आत्ताच मागवा, आणि पाकिटावरचा ५ हा आकडा वाचूनच पैसे द्या.