गाडी का अडली? भाग बदलण्याआधी दोष शोधा



उसाचे पान पिवळे पडले म्हणजे आपण लगेच युरियाचे पोते फोडत नाही. आधी बघतो, पिवळे पडले ते जुने पान की कोवळे. जुनी, खालची पाने आधी पिवळी पडली तर नत्र कमी. वरची कोवळी पाने पिवळी आणि खालची हिरवी असतील तर बहुधा लोह कमी. रोग ओळखल्यावाचून खत टाकले तर पैसा जातो आणि पीकही जाते. घरच्या मोटारगाडीचेही नेमके असेच आहे. दारात जीप असो, जुनी मारुती ८०० असो की नवी गाडी असो, ती अडली की मालक म्हणतो, "मिस्त्रीनू, गाडी चालू होणा नाय. बॅटरीच बदलून टाका." नवी बॅटरी बसते, चार दिवसांनी गाडी पुन्हा अडते. दोष बॅटरीचा नसतोच, तो टर्मिनलवरच्या पांढऱ्या बुरशीचा असतो.

घाटाखालच्या आपल्या सभासदांना हा विषय जिव्हाळ्याचा आहे. वैभववाडी-कणकवलीकडचा ऊस करूळ, भुईबावडा घाट चढून वर येतो, आणि माणसांनाही त्याच वाटेने यावे-जावे लागते. रात्री-अपरात्री आजारी माणसाला ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात, किंवा पुढे बांबोळीला न्यायची वेळ आली, तर घरची गाडी हीच रुग्णवाहिका होते. म्हणून गाडीचा दोष कसा शोधावा, एवढेच या पाठात पाहू. दुरुस्ती मिस्त्रीने करावी, पण तपास मालकालाही समजला पाहिजे.

१. तपासाचे चार नियम

पहिला, तक्रार नेमकी सांगा. "गाडी बरोबर चालत नाही" हे सांगणे नव्हे. थंड असताना की तापल्यावर, चढावर की सपाटीवर, पाऊस पडल्यावर की उन्हात, हे सांगा. दुसरा, आधी डोळे, कान आणि नाक वापरा, हत्यार नंतर. तिसरा, स्वस्त आणि सोपी गोष्ट आधी तपासा, महाग गोष्ट शेवटी. चौथा, एका वेळी एकच बदल करा. तीन भाग एकदम बदलले आणि गाडी चालू झाली, तर कोणता भाग खराब होता ते कधीच कळत नाही. बिल मात्र तिन्हींचे भरावे लागते.

२. चावी फिरवली, पुढे काय ऐकू आले?

चालू न होणाऱ्या गाडीचे निम्मे निदान कानानेच होते.

(अ) भराभर टक-टक-टक असा आवाज येतो आणि दिवे मंद होतात: बॅटरी उतरली आहे, नाहीतर टर्मिनल सैल किंवा गंजलेले आहे.

(आ) एकदाच 'टक' होते आणि दिवे बऱ्यापैकी राहतात: सेल्फ किंवा त्याची जाडी वायर संशयित.

(इ) काहीच आवाज नाही, पण दिवे लख्ख: फ्यूज, रिले, चावीचा स्विच किंवा सेल्फकडे जाणारी बारीक वायर पाहा. काही गाड्यांत क्लच पुरता दाबल्याशिवाय सेल्फ लागतच नाही, हेही ध्यानात असावे.

(ई) इंजिन जोरात फिरते पण पकडत नाही: बॅटरीला दोष देऊ नका. ठिणगी किंवा इंधन येत नाही. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत चावी फिरवताच मागच्या बाजूला पंपाची एक-दोन सेकंद घरघर ऐकू येते. ती नसेल तर पंपाचा फ्यूज आणि रिले आधी बघा. डिझेल गाडीत फिल्टरमधले पाणी आणि नळीत शिरलेली हवा पाहा.

३. बॅटरी, अर्थिंग आणि खारा वारा

साधा मल्टीमीटर काही शेकड्यांत मिळतो. तो दर तीन घरांत एक असावा. गाडी काही तास बंद ठेवून बॅटरीवर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मग एकाने सेल्फ मारावा, दुसऱ्याने मीटर पाहावा. आकडा ९.६ च्या खाली कोसळला आणि बॅटरी भरलेली होती, तर ती थकली आहे. इंजिन चालू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.५ दिसले पाहिजे. १२.५ च्या खालीच राहिला तर अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट पाहा. अशा वेळी नवी बॅटरी घालणे म्हणजे फुटक्या पाटात पाणी सोडणे. (नव्या काही गाड्यांत संगणक चार्जिंग कमी-जास्त करतो. तेव्हा दिवे लावून पुन्हा मोजावे.)

आता मालवण, देवगड, वेंगुर्ले किनाऱ्याची खास गोष्ट. खाऱ्या वाऱ्यातले मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते. त्यामुळे टर्मिनल आणि विशेषतः बॅटरीपासून बॉडीला, बॉडीपासून इंजिनला जाणारी अर्थिंगची पट्टी गंजते. वरून वायर चांगली दिसते, आत हिरवी पूड झालेली असते. तपास असा: मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरी इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला लावून सेल्फ मारा. ०.२ व्होल्टपेक्षा बरेच जास्त दिसले तर वीज वाटेत अडते आहे. पट्टी सोडवून, घासून, घट्ट बसवा. खर्च जवळजवळ शून्य.

टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी कोमट पाणी आणि खाण्याचा सोडा लावून जाते. कोरडे करून व्हॅसलीन किंवा ग्रीस लावावे. सोडवताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. उलट केले आणि पान्हा बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जवळ विडी-काडी नको. तारकर्लीच्या वाळूत किंवा खाऱ्या पाण्यात गाडी गेली असेल तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवावी.

४. उभ्या गाडीची बॅटरी उतरते

चार दिवस गाडी उभी राहिली आणि बॅटरी उतरली, तर कोठेतरी वीज झिरपते आहे. हिशोब करून पाहा. डिकीतला ५ वॅटचा दिवा चालू राहिला तर सुमारे ०.४ अँपियर खातो. २४ तासांत जवळजवळ १० अँपियर-तास झाले. ३५ अँपियर-तासाची बॅटरी साडेतीन दिवसांत रिकामी होते, आणि सेल्फ मारण्याची ताकद त्याच्या आधीच जाते. तपासण्यासाठी सगळे बंद करून निगेटिव्ह वायर सोडावी, मीटर अँपियरवर लावून मध्ये जोडावा आणि अर्धा तास थांबावे. ०.०५ अँपियरपर्यंत चालेल. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजला आकडा पडला, त्या वायरीवर चोर आहे. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नये, मीटर जळेल.

पावसाळ्यात उंदीर इंजिनात आसरा घेतो आणि वायरी कुरतडतो. फ्यूज वारंवार उडत असेल तर आधी तिथे पाहा. १० अँपियरच्या जागी ३० चा फ्यूज किंवा तांब्याची तार कदापि घालू नये. फ्यूज वाचेल, गाडी पेटेल.

५. घाटात काटा चढला

इंजिन कोठे तापते, यावरून कारण कळते. बाजारात उभी असताना तापते आणि धावू लागली की उतरते, तर पंख्याचा दोष: मोटर, रिले किंवा फ्यूज. चढावरच तापते, तर पाणी कमी, रेडिएटर तुंबलेला किंवा थर्मोस्टॅट अडकलेला. ऊस वाहतुकीच्या दिवसांत रेडिएटरच्या पुढे पाचटाचा भुसा आणि चिखल बसतो, तो आधी झाडून पाहा. पाणी दर आठवड्याला घालावे लागते पण खाली थेंब दिसत नाही, शिवाय सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो किंवा ऑइल दुधी कॉफीसारखे दिसते, तर हेड गॅस्केट गेले असे समजून गाडी पुढे चालवू नये.

काटा लाल रेषेकडे गेला की एसी बंद, हीटर पूर्ण चालू, आणि सुरक्षित जागा पाहून उभे राहावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये. आतले पाणी दाबामुळे उकळत नाही. झाकण उघडताच त्याची वाफ होऊन तोंडावर येते.

चढावर इंजिन ओरडते पण गाडी वेग घेत नाही आणि जळका वास येतो, तर क्लच प्लेट घसरते आहे. इंजिनाला दोष देऊन ते खोलू नका.

६. उतारावरचे ब्रेक

यात हयगय नको, कारण येथे जिवाशी गाठ आहे. घाट ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे. सतत ब्रेक दाबून उतरले तर लायनर आणि ब्रेक ऑइल तापते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीचे कोरडे ऑइल किमान २३० अंशांना उकळते, ओलावा घेतलेले मात्र १५५ अंशांनाही उकळू शकते. उकळले की वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल रिकामे जाते. कोकणच्या दमट हवेत दर दोन वर्षांनी हे ऑइल बदलावेच.

पेडलचे चार ढंग ओळखा. स्पंजासारखे लागते: आत हवा. पाय ठेवल्यावर हळूहळू खाली जाते: मास्टर सिलिंडर किंवा गळती. गाडी एका बाजूला ओढते: टायरची हवा पाहा, मग अडकलेला कॅलिपर. लोखंड घासल्याचा आवाज: पॅड संपले, गाडी तेथेच थांबवा.

७. पिवळा दिवा आणि स्कॅनर

लाल दिवा म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे लवकर दाखवा. ऑइलचा लाल दिवा लागला तर गावापर्यंत नेऊ म्हणू नये. इंजिन लगेच बंद. नव्या गाड्यांना गॅरेजवाला स्कॅनर लावतो. लक्षात घ्या, स्कॅनर तक्रार सांगतो, कोणता भाग खराब ते सांगत नाही. पी ०३०१ हा संकेत आला म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये पेटण्यात चूक होते. कारण प्लग, कॉइल, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन, काहीही असेल. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर पहिल्याची दुसऱ्यावर बसवून पाहावी. संकेत पी ०३०२ झाला तर कॉइलच खराब. तसाच राहिला तर कॉइलचे पैसे वाचले.

८. आपलेच इथेनॉल

२०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल देशात मिळू लागले. त्यातला काही वाटा आपल्या उसाचा, म्हणून माहिती पाहिजे. इथेनॉलमध्ये उष्णता पेट्रोलपेक्षा कमी, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडे घटणे हा दोष नव्हे. मात्र ते पाणी ओढते. टाकीत पाणी शिरले तर इथेनॉल-पाणी तळाला बसते आणि गाडी झटके देते. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या भेगाळल्या किंवा फुगल्या आहेत का, पेट्रोलचा वास येतो का, हे वर्षातून दोनदा पाहावे. पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकीचे झाकण घट्ट बसते याची खात्री करावी.

शेवटी एक विनंती. गाडीत एक वही ठेवा. केव्हा काय बिघडले, कोणता भाग बदलला, ऑइल किती किलोमीटरला घातले, ते तारखेसह लिहा. मिस्त्रीकडे जाताना वही दाखवा आणि काढलेला जुना भाग परत मागा. पावसाळ्याआधी बॅटरी, अर्थिंग, ब्रेक ऑइल, वायपर आणि टायर या पाच गोष्टी पाहून घ्या. म्हणजे आषाढातल्या रात्री कोणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर चावी फिरवताच गाडी सुरू होईल.