क्लिफच्या शेजारी बस

अगं, रात्री साडेबाराला काय मेसेज करतेस, "ताई, काही म्हणजे काही कळत नाहीये आणि पुस्तक खालीही ठेववत नाहीये"! 'डूम पेट्रोल' हे कॉमिक हातात घेणाऱ्या बहुतेकांचं हेच होतं, तेव्हा स्वतःला ढ समजू नकोस.

आधी ती जुन्या अंकांची यादी फाडून टाक. ही सुपरहीरोंची टोळी 1963 सालची, हे खरं. पण तुझ्या हातातला भाग ग्लासगोच्या ग्रँट मॉरिसननं 1989मध्ये 19व्या अंकापासून सुरू केला, तोही जुनी टोळी पार विस्कटून गेल्यावर. अनोळखी लग्नघरात शिरल्यावर आपण काय वंशावळ मागत बसतो? एखादी बोलकी आत्या शोधायची आणि तिच्या शेजारची खुर्ची पकडायची. इथली ती आत्या म्हणजे क्लिफ स्टील.

क्लिफ शर्यतीत गाड्या पळवायचा. अपघातात शरीर गेलं, मेंदू तेवढा वाचला, आणि तो यंत्राच्या अंगात बसवला. सुरुवातीला तो मनोरुग्णालयात भेटतो, कारण धड चव नाही, वास नाही, स्पर्श नाही, अशा अंगात राहायचं कसं हेच त्याला उमगत नाही. तिथेच त्याची जेनशी गाठ पडते. तिच्या आत 64 जणी आहेत आणि प्रत्येकीची शक्ती वेगळी. पुढे कात्रीचे हात असलेली माणसं येतात, लोकांना कागदासारखं कापून जगातूनच वजा करतात आणि तोंडानं असंबद्ध काहीतरी बडबडतात. ती बडबड उलगडत बसू नकोस. तू तिथेच अडकलीस ना? मला वाटलंच! क्लिफलाही ती कळत नाही. तो वैतागतो, शिव्या घालतो आणि पुढे जातो. तूही तेच कर. शिव्या घातल्यास तरी चालेल.

आपल्याला सवय कसली, तर शेवटच्या पानावर सगळा उलगडा होणाऱ्या गोष्टींची. इथे एक चित्र अख्खं पॅरिस गिळतं आणि त्या चित्रात एकाखाली एक थर निघत जातात, प्रत्येक थर वेगळ्या चित्रशैलीचा. हे का, असं विचारलंस तर थकशील; तिथे कोण काय करतंय ते बघ. त्याच गोष्टीत 'क्विझ' नावाची बाई आहे. तुम्हाला जी शक्ती सुचली नसेल ती प्रत्येक शक्ती तिच्याकडे! म्हणजे तिच्याशी लढायचं तर सुचतील त्या शक्तींची नावं घेत सुटायचं. इतका खुळा आणि इतका चोख नियम मी दुसऱ्या कुठल्या सुपरहीरो कॉमिकमध्ये पाहिलेला नाही. 35व्या अंकात डॅनी भेटेल. डॅनी हा चक्क एक रस्ता आहे, जिवंत. रात्रीतून हवं त्या शहरात जाऊन बसतो, दुकानांच्या पाट्यांवरून बोलतो, आणि बंदुकांच्या दुकानालाही झालरीचे पडदे लावतो. माझा फार लाडका.

आता एक गंभीर गोष्ट, हसण्यावारी नेऊ नकोस. जेन अशी का झाली, त्यामागे लहानपणी बापानं केलेले अत्याचार आहेत. 30व्या अंकात क्लिफ तिच्या मनात उतरतो, तिथे भुयारी रेल्वेसारखं जाळं आहे आणि त्या जणी तिथेच राहतात. तो अंक रात्री एकटीनं वाचू नकोस. जड वाटलं तर मिटून ठेव, कुणी परीक्षा घेणार नाहीये. पण मला विचारशील तर हे सगळं पुस्तक मी त्या अंकासाठी जवळ ठेवलंय. तिथे क्लिफ कुणाला ठोसे मारून जिंकायला जात नाही, नुसता तिच्यासाठी खाली उतरतो. एरवीच्या सगळ्या विक्षिप्तपणाला धरून ठेवणारी गाठ ती आहे, असं मला वाटतं.

एका बैठकीत दोन-तीन अंकांच्या वर जाऊ नकोस, सगळ्याचा काला होतो. 2019ची मालिका नंतर बघ, ती या गोष्टी आपल्या पद्धतीनं फिरवते. आणि पात्रांची माहिती इंटरनेटवर शोधायचा मोह आवर, विशेषतः चीफची, तो चाकाच्या खुर्चीतला दाढीवाला. त्याच्याबद्दल तुझं आत्ता जे मत आहे ते कुठेतरी लिहून ठेव. 57वा अंक संपला की मला फोन कर, साडेबारा वाजले असले तरी चालेल.