रेडिएटरवरचा खिमा

रविवारच्या मिसाहून परतताना वसईच्या आत्याबाईंच्या कानावर बातमी आली. स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला शिकायला गेलेला भाचा फ्रीझरमधला खिमा रेडिएटरवर ठेवून वितळवतो, वरवर परततो आणि मधोमध गुलाबी असतानाच पावाबरोबर खातो. बाकीचे दिवस पिझ्झा. सांगणारी बाई त्याच्याबरोबर राहणाऱ्या मुलाची काकी, म्हणजे बातमी पक्की. आत्याबाई त्याच रात्री पत्र लिहायला बसल्या. व्हॉट्सअ‍ॅपवर काही सांगितलं की तो अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळा होतो, हे त्यांना ठाऊक होतं.

‘चि. बाळास अनेक आशीर्वाद’ इथे आशीर्वाद संपतात. पुढच्या ओळीत थेट विचारणा आहे: खिमा आतून शिजतो का?

कुवेतच्या इस्पितळात परिचारिका म्हणून उमेदीची वर्षं काढलेल्या बाईची ही भीती हवेतली नव्हे. मांसाच्या अखंड तुकड्यावर जंतू असतात ते बहुतेक वरच्या बाजूला. तव्यावर सगळीकडून नीट भाजलं की ते मरतात, म्हणून स्टेक आतून लाल राहिला तरी सहसा निभावतं. खिम्याच्या यंत्रात मात्र वरचं सगळं आत जातं, शिवाय एका पाकिटात किती जनावरांचं मांस आहे कोण जाणे. अमेरिकेत १९९३ साली नीट न शिजलेले हॅम्बर्गर खाऊन सातशेहून अधिक लोक आजारी पडले, चार मुलं दगावली. जंतू होता ई. कोलाय ओ१५७. पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारने ठरवलं की कच्च्या बीफच्या खिम्यात हा जंतू सापडला तर तो माल भेसळीचा धरायचा. हे सगळं आत्याबाई पत्रात लिहितात आणि खाली जोडतात, ‘आणि तू म्हणे स्टेकसारखं खातोस. शहाणाच आहेस.’

रेडिएटरचा समाचार वेगळा. खिमा वितळवायचा तो फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, रात्रभर. उबेला ठेवला की बाहेरचा थर तासन् तास कोमट राहतो आणि आत बर्फ तसाच.

पण नुसतं रागावून पोर जेवत नाही, हे त्यांना कळतं. म्हणून दुसऱ्या पानावर कोलपुडिंग येतं. नाव पुडिंग असलं तरी हे कोबी आणि खिम्याचं भाजलेलं जेवण. कुवेतमधल्या एका स्वीडिश सहकारी बाईने त्यांना ते शिकवलं होतं. किलोभर पांढरा कोबी जाड चिरून लोण्यात परतायचा, चांगला बदामी होईपर्यंत. इथे घाई चालत नाही, कारण सगळी चव त्या रंगात आहे. वर दोन चमचे फिकं सिरप; ते म्हणजे आपल्या काकवीची गोरी बहीण. अर्धा किलो खिम्यात दुधात भिजवलेला पावाचा चुरा, अंडं, किसलेला कांदा, मीठ, पांढरी मिरी. भांड्यात खाली अर्धा कोबी, मध्ये खिमा, वर उरलेला कोबी, त्यावर वाटीभर स्टॉक. ओव्हन २०० अंशांवर, पाऊण ते एक तास. बरोबर उकडलेले बटाटे आणि लिंगोन या आंबट लाल फळाचा मुरंबा. ‘आणि काढण्याआधी बघ, खिमा आतून शिजला का.’

खिमा कसला घ्यायचा, हाही प्रश्न आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळू कापायलाही बंदी आहे. तेव्हापासून वसईच्या घरात बीफ म्हणजे म्हशीचं. स्वीडनमध्ये निव्वळ बीफचा खिमा मिळतो, तसा बीफ आणि डुकराचा मिसळलेलाही. स्वीडिश घरांत कोलपुडिंगला दोन्ही चालतात.

या पदार्थाची वंशावळही आत्याबाईंनी दिली आहे. पत्राला तिची गरज नव्हती, पण ती वाचताना मजा येते. कोलपुडिंग हे कोबीच्या पानांत खिमा गुंडाळून केलेल्या डोल्म्याचं आळशी रूप: पानं गुंडाळण्याचा खटाटोप नको, थर लावा. आणि डोल्म्याचा धागा जोडतात तो स्वीडनचा राजा बारावा कार्ल याच्याशी. १७०९ मध्ये पोल्टावाला रशियाकडून हरल्यावर तो ऑटोमन मुलखात, बेंडरला काही वर्षं राहिला. परतला तेव्हा उधारी मागणारे सावकार त्याच्या पाठोपाठ स्वीडनला आले, आणि त्यांच्याबरोबर डोल्मा, असं सांगतात. कायसा वार्ग या स्वीडिश लेखिकेच्या गाजलेल्या पाकपुस्तकाच्या १७६५ च्या आवृत्तीत डोल्मा आहे. राजाच्या पुण्यतिथीला, ३० नोव्हेंबरला, स्वीडनमध्ये आता कोबीच्या डोल्म्याचा दिवस पाळतात. तिकडे पिझ्झ्याबरोबर फुकट मिळणारी कोबीची कोशिंबीर म्हणजे भाजी खाल्ली असं समजू नकोस, हा टोमणाही इथेच आहे.

मग अक्षर जरा सैल होतं. कुवेतच्या हॉस्टेलवर पहिली दोन वर्षं आत्याबाई चहा आणि खुब्ज या अरबी रोटीवर राहिल्या. घरी पत्र जायचं, ‘जेवण उत्तम, काळजी नसावी.’ आई ते शेजारणींना वाचून दाखवायची. तिला ते कधी खरं वाटलं का, हे विचारायचं राहून गेलं. ‘म्हणून तू मला खोटं छान लिहू नकोस. वाईट जेवलास तर वाईट लिही.’

डिसेंबरात गोथेनबर्गला दिवस जेमतेम साडेसहा तासांचा. साडेतीनच्या आत अंधार पडतो, तेव्हा स्वयंपाकाचा कंटाळा येणारच, हे त्या मान्य करतात. मग रविवारी एकदाच मोठं भांडं लाव, उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेव, दोन-तीन दिवस पुरतं. पण खिमा... आणि पुन्हा तेच. रंगावर जाऊ नकोस, शिजण्याआधीच तो तपकिरी दिसू शकतो. मधोमध थर्मामीटर घाल. स्वीडनची अन्नसंस्था ७० अंश सांगते. थर्मामीटरचे पैसे आत्या देईल.

दुसऱ्या पानावर कृतीबरोबर ताकीद होती की घरून दिलेला बाटली मसाला कोलपुडिंगमध्ये घालायचा नाही, पदार्थ त्यांचा आहे, त्यांच्या पद्धतीने कर. शेवटच्या पानावर ती मोडते: ‘फारच पांचट लागलं तर अर्धा चमचा घाल. संपत आला असेल तर सांग, पाठवते.’

सहीखाली ता. क. आहे. ‘ज्याने घरी सांगितलं त्याच्याशी अबोला धरू नकोस. तोही तिथे एकटाच आहे. त्याला आधी वाढ, आणि कडेचा करपलेला कोबी त्याला दे, तोच भाग चांगला लागतो.’