*आगोटीचा खारा बांगडा : मीठ काय करतं, काय करत नाही*



आगोटीसाठी बांगडा खारवायचं काम घरोघरी सुरू आहे. "मीठ भरपूर लावलं की मासा टिकतो" हे खरं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं आज समजून घ्या.

*मीठ काय करतं?*
मीठ माशातलं पाणी ओढून घेतं. पाण्यावाचून जंतू वाढत नाहीत. माशातल्या ओलाव्यात मीठ 10 टक्क्यांच्या वर गेलं की विष तयार करणारा बोट्युलिनम जंतू थांबतो. पण आपल्या हाता-नाकातून येणारा स्टॅफिलोकोकस त्याहून जास्त मिठातही तग धरतो. म्हणून हाताला जखम, फोड असेल तर मासा कापायला बसू नका.

*मीठ काय करत नाही?*
बांगडा, तारली, कुपा हे मासे बर्फाविना राहिले की जंतू त्यात हिस्टामिन हे रसायन तयार करतात. एकदा तयार झालं की ते मिठानं, उन्हानं, तळल्यानंही जात नाही. वास येईलच असंही नाही. खाणाऱ्याचा चेहरा लाल होतो, अंगावर पित्त उठतं, डोकं दुखतं, उलट्या होतात. कायद्यानं किलोला 200 मिलिग्रॅमच्या वर हिस्टामिन चालत नाही.

*म्हणून एवढं करा*
1. होडीतून मासा थेट बर्फात. उन्हात पडून राहिलेला मासा खारवायला घेऊच नका.
2. आतडी, कल्ले काढा. पिण्याच्या पाण्यानं धुवा.
3. साफ केलेल्या 3 किलो माशाला 1 किलो स्वच्छ मीठ. पोटात दाबून भरा, मग थर लावा.
4. झाकून सावलीत 1-2 दिवस ठेवा. तळाला न विरघळलेलं मीठ दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर आणखी घाला.
5. वाळूवर नको, उंच बांधलेल्या जाळीवर सुकवा.
6. माश्या बसतात म्हणून कीटकनाशक कधीच मारू नका. वरून मच्छरदाणी घाला.
7. लालसर डाग म्हणजे मिठातच वाढणारे जंतू. पुसून विकू नका. एकदा वापरलेलं मीठ परत वापरू नका.

बर्फ वेळेत मिळाला नाही, तर तो माल आपल्या मालात मिसळू नका. एक पाटी वाचवायला गेलात तर सगळ्या गटाचा माल परत येईल, आणि कुणाचं तरी पोर आजारी पडेल ते वेगळंच.

काही शंका असेल तर याच नंबरवर फोटो किंवा व्हॉइस मेसेज पाठवा.