गाडीतील रिकामी जागा आणि आपला शेजारी



शेअर रिक्षा ही आपल्या भिवंडीकरांच्या अंगवळणी पडलेली गोष्ट आहे. नाक्यावर रिक्षा उभी असते, तीन अनोळखी माणसे मागे खांद्याला खांदा लावून बसतात, ठरलेले पैसे देतात आणि आपापल्या ठिकाणी उतरतात. कोणी कोणावर उपकार करीत नाही व कोणाला संकोचही वाटत नाही. परंतु एकाच इमारतीत राहणारे, एकाच वेळी ठाण्याला कामावर जाणारे दोन शेजारी मात्र दोन वेगळ्या गाड्या काढतात. अनोळखी माणसाबरोबर जे सहज जमते, ते ओळखीच्या माणसाबरोबर का जमू नये? आज आपण याच प्रश्नाचा थोडा विचार करू या.

आपल्या शहराची अडचण

मुंबईच्या मुख्य लोकल मार्गांवर भिवंडी नाही. भिवंडी रोड स्थानक वसई-दिवा मार्गावर आहे आणि तेथील गाड्या मोजक्याच. म्हणून नोकरीसाठी, कॉलेजसाठी, दवाखान्यासाठी ठाणे किंवा कल्याण गाठायचे म्हणजे रस्त्यानेच जावे लागते. त्याच रस्त्यांवर मानकोली, दापोडे, वळ, पूर्णा या गावांतील गोदामांकडे जाणारे ट्रक व कंटेनर असतात. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले, पण रस्त्यावरची गर्दी त्यानंतरही वाढतच गेली. या गर्दीत आपल्या गाड्यांचाही वाटा आहे. सकाळी काशेळीच्या पुलाकडे जाताना आजूबाजूच्या मोटारींत डोकावून पाहा. पाच जणांच्या गाडीत बहुधा एकच माणूस दिसेल.

साधा हिशेब

भिवंडीहून ठाण्याला जाऊन-येऊन साधारण ३० किलोमीटर होतात. गाडी लिटरला १५ किलोमीटर जाते असे धरले, तर रोज २ लिटर पेट्रोल लागते. चार शेजाऱ्यांनी चार गाड्या काढल्या तर ८ लिटर आणि एकच काढली तर २ लिटर. महिन्याचे २५ दिवस धरले तर १५० लिटरची बचत होते. लिटरला १०० रुपये धरले तरी चौघांचे मिळून १५,००० रुपये, म्हणजे प्रत्येकाचे ३,७५० रुपये वाचतात. एखाद्या मुलाच्या शाळेची फी त्यातून निघू शकेल. शिवाय एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्या हिशेबाने महिन्याला सुमारे ३४५ किलो वायू कमी होईल.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक प्रसिद्ध केले. सृष्टीच्या रक्षणासाठी रोजच्या जीवनात करता येण्याजोग्या लहान लहान गोष्टी त्यांनी त्यात सांगितल्या आहेत. पाणी जपून वापरणे, झाडे लावणे, नको असलेले दिवे बंद करणे यांच्या जोडीला सार्वजनिक वाहनाने किंवा एकाच गाडीतून मिळून प्रवास करणे हेही त्या यादीत आहे.

अडचण मनाची आहे

हिशेब सर्वांनाच पटतो, तरी गाडी रिकामी धावते. कारण अडचण दोन्ही बाजूंच्या मनात असते. ज्याच्याकडे गाडी नाही त्याला वाटते, ‘रोज कसे विचारायचे? मिंधेपणा नको.’ गाडीवाल्याला वाटते, ‘एकदा हो म्हटले की कायमचे गळ्यात पडेल. उशीर केला तर बोलताही येणार नाही.’ दोघेही गप्प राहतात आणि आपण भिडस्त स्वभावाला दोष देऊन मोकळे होतो.

शेअर रिक्षात हा संकोच नसतो, कारण तेथे जागा, वेळ आणि पैसे या तिन्ही गोष्टी आधीच ठरलेल्या असतात. शेजाऱ्यांनीही त्या आधी ठरवल्या तर मिंधेपणा उरत नाही.

दुसरी गोष्ट अशी की पहिला शब्द गाडीवाल्याने काढावा. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात फिलिप व इथिओपियाचा अधिकारी यांची भेट आपण वाचतो. फिलिप पायी होता आणि अधिकाऱ्याच्या रथात जागा होती. वर येऊन बसण्याची विनंती रथवाल्याने केली. ज्याच्याजवळ जागा आहे त्यानेच बोलवावे, म्हणजे दुसऱ्याला मागावे लागत नाही.

शेजाऱ्याला कसे समजवावे?

१. उपदेश करू नये. प्रदूषणावर भाषण दिल्यास माणूस दूर पळतो. ‘मी सोमवारी आठ वाजता ठाण्याला निघतो, जागा आहे, येता का?’ एवढे पुरे.

२. एका दिवसापासून सुरुवात करावी. आठवड्यातून एक किंवा दोन दिवस, तेही एक महिन्यापुरते ठरवावे. नाही जमले तर दोघांनाही सन्मानाने थांबता येते.

३. वेळ पक्की ठेवावी. पाच मिनिटे वाट पाहू, नंतर निघू, हे पहिल्याच दिवशी हसतखेळत सांगावे. परतीची वेळ रोज जुळेलच असे नाही. त्या दिवशी ज्याने त्याने आपली सोय पाहावी, यात राग मानू नये.

४. खर्चाचे मोकळेपणाने बोलावे. सर्वांकडे गाडी असेल तर आळीपाळीने गाडी काढणे सर्वांत सोपे, कारण तेथे पैशांचा प्रश्नच येत नाही.

५. एकट्या महिलेला किंवा मुलीला आग्रह करू नये. घरच्यांना माहीत असावे आणि दोन-तीन जणांचा गट असावा. महिलांनी आपापसांत गट केला तर अधिक उत्तम.

कायदा आणि सुरक्षितता

पांढऱ्या नंबरप्लेटची खासगी गाडी भाड्याने चालवता येत नाही, त्यासाठी मोटार वाहन कायद्यानुसार परवाना लागतो. म्हणून शेजाऱ्याकडून भाडे घेऊ नये व नफा तर मुळीच कमावू नये. खासगी गाडीच्या विम्यातही भाड्याच्या वापराला संरक्षण नसते. इंधनाचा खर्च वाटून घ्यायचा असेल तर आपल्या विमा एजंटाला आधी विचारून घ्यावे. ॲपवरून अनोळखी प्रवासी घेणे हा वेगळा विषय आहे.

आपली पॉलिसी कोणती आहे तेही पाहावे. केवळ थर्ड पार्टी विमा असेल तर गाडीत बसलेल्या पाहुण्यांना त्यातून भरपाई मिळेलच असे नाही. पॅकेज पॉलिसीत खासगी गाडीतील प्रवाशांची जबाबदारी येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट केले आहे.

मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावावा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. ते मागच्या आसनावर होते व त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. मोठ्या गाडीतही पट्ट्याला पर्याय नाही. आर. सी. बुकात जितकी आसने लिहिली असतील तितकीच माणसे घ्यावीत.

शेजारी म्हणजे कोण?

आपल्या धर्मग्रामातील कुटुंबे शहरात विखुरलेली आहेत. शेजारच्या दारावरची पाटी अन्सारी, पाटील किंवा गुप्ता अशी असू शकते. गाडीतील जागा आपल्याच माणसांपुरती राखून ठेवू नये.

आपल्या शहराने १९७० व १९८४ च्या दंगली पाहिल्या आहेत. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी येथे मोहल्ला समित्या स्थापन केल्या. वेगवेगळ्या धर्मांची माणसे वेळ ठरवून एकत्र बसू लागली, बोलू लागली. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. नेमाने एकत्र बसण्यातून विश्वास वाढतो, हे आपल्या शहराने स्वतः अनुभवले आहे. रोज पाऊण तास एका गाडीत बसणारे शेजारी एकमेकांच्या मुलांची नावे, आईचे आजारपण, मालकाची कटकट सारे जाणतात. अडचणीच्या रात्री दवाखान्यात न्यायला त्यांच्याकडे गाडी मागावी लागत नाही.

सुरुवात रविवारच्या मिस्सेपासून करता येईल. गुडघेदुखीमुळे किंवा पावसामुळे घरी राहणारे वृद्ध आपल्या वाटेवरच राहत असतील. शनिवारी संध्याकाळी त्यांना एक फोन करावा.

चिंतनासाठी प्रश्न

१. माझ्या गाडीत रोज किती जागा रिकाम्या जातात?
२. माझ्या इमारतीतील कोण माझ्याच वेळी, माझ्याच वाटेने जातो, हे मला ठाऊक आहे का?
३. या आठवड्यात मी कोणाला ‘येता का?’ असे विचारणार आहे?