म्हातारपणची झोप



घरभेटीला गेलो की वडीलधाऱ्यांकडून आम्हांला एक तक्रार हमखास ऐकू येते, "रात्री झोपच लागत नाही." या तक्रारीचा आज थोडा हिशेब मांडू या.

रोझरी आणि जेवण आटोपून आजी ८ वाजता झोपी जाते. पहाटे ३ ला तिला जाग येते. सारे घर झोपलेले, म्हणून तिला वाटते, आपली झोप झालीच नाही. प्रत्यक्षात ७ तास झालेले असतात! पासष्टीनंतर साधारणपणे ७ ते ८ तास झोप पुरते. दुपारी दोन तास डोळा लागला असेल, तर तेवढी झोप रात्रीच्या वाट्यातून कमी होते.

झोप लवकर संपणे आणि झोप न लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वयाबरोबर झोप हलकी होते, संध्याकाळी लवकर पेंग येते, पहाटे लवकर जाग येते. हा आजार नव्हे. शिवाय भुकेप्रमाणे झोपही जागेपणी साठत जाते. अंथरुणावर नुसते पडून राहिल्याने ती वाढत नाही.

म्हणून आपण काही सवयी लावून घेऊ या :

१. रात्र कशीही गेली तरी रोज ठरल्या वेळी उठावे.

२. सकाळी उन्हात फिरावे किंवा वाडीत काम करावे.

३. दुपारची झोप अर्ध्या तासाची, तीही ३ च्या आत.

४. दुपारनंतर चहा-कॉफी टाळावी. दारूने डोळा लागतो, पण मध्यरात्री झोप मोडते.

५. वीसेक मिनिटांत झोप आली नाही, तर उठून मंद उजेडात शांत बसावे. पेंग आली की परत पडावे. घड्याळ पाहू नये.

शेजाऱ्याला लागू पडलेली झोपेची गोळी मागून घेऊ नये. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी वृद्धांचा तोल जातो. रात्री लघवीला उठताना पडून खुब्याचे हाड मोडले, तर माणूस कायमचा अंथरुणाला खिळू शकतो. मात्र रोजची गोळी एकाएकी बंद करणेही धोक्याचे. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू कमी करावी. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेने २०१६ साली जुनाट निद्रानाशावर गोळीआधी विचार आणि सवयी बदलणारी उपचारपद्धती सुचवली आहे. वरील काही सवयी तिचाच भाग आहेत.

घोरताना श्वास थांबत असेल, लघवीला वारंवार उठावे लागत असेल, मन सतत उदास असेल किंवा तीन महिने आठवड्यातून तीन रात्री झोप बिघडत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

शेवटी घरच्यांसाठी. आपल्याला टीव्ही निवांत पाहता यावा म्हणून आई-वडिलांना आठलाच "जा, पडा आता" असे सांगू नका. टीव्ही बंद करून अर्धा तास त्यांच्याजवळ बसा, बोला. त्यांची रात्र तेवढी लहान होईल.