पट्टी काढल्यावर

मुलाला ‘आळशी डोळा’ आहे असं डॉक्टरांनी सांगितलं की पोटात गोळा येतो. मग आपण सगळेच तेच करतो. दिवसातून चारदा त्याचा एक डोळा झाकून कॅलेंडरवरची तारीख वाचायला लावतो.

डोळा बिचारा कामचुकार नसतोच. बहुतेकदा एका डोळ्याचा नंबर बराच जास्त असतो, नाहीतर तो तिरळा असतो. दोन चित्रांचा मेळ बसेना, की मेंदू त्यातल्या एकाकडे काणाडोळा करायला लागतो. मुलाला ते जाणवतही नाही, मग तक्रार कुठून करणार? उशिरा कळलं म्हणून स्वतःला बोल लावून घेऊ नका.

आधी चष्मा. काहींची नजर तेवढ्यानेच तीन-चार महिन्यांत सुधारते. पुढे पट्टी, दोष मध्यम असेल तर बऱ्याचदा रोज 2 तास पुरतात. पण ते 2 तास! आपण दमून आलेलो, कणीक मळायची राहिलेली आणि हा पट्टी ओढतोय. त्याच्या बाजूने बघा ना, आपण त्याचा चांगला डोळाच झाकलाय. चिडणारच. त्या वेळात गृहपाठ नको. आजीशेजारी डाळ निवडायला बसवा, चित्र रंगवू द्या. काढताना कडा कोमट पाण्याने ओल्या केल्या तर भुवई ओढली जात नाही.

तक्त्यावरच्या खालच्या ओळी वाचायला लागला, की आपल्याला वाटतं सुटलो. पण दोन्ही डोळ्यांनी मिळून बघणं अजून बाकी असू शकतं. तांब्यातली धार पेल्याबाहेर जाते, चेंडू हातात यायच्या आधीच मूठ मिटते, आणि आपण ओरडतो, “लक्ष कुठंय तुझं?” अंतराचा नेमका अंदाज दोन चित्रांतल्या बारीक फरकावरून येतो. मेंदू एकच चित्र घेत असेल, तर लक्ष देऊन तरी काय होणार?

म्हणून दोन्ही डोळे मिळून बघतात का, तेवढं पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारा. ते तपासायला खास चष्मा लावून चित्रातल्या माशीचे पंख चिमटीत धरायला सांगतात. पोरांना ती चाचणी आवडते. दोन्ही डोळ्यांचे व्यायाम मात्र मोबाइलवर शोधून मनाने सुरू करू नका, काहींना एकाचे दोन दिसायला लागतात. तिरळेपणा असलेल्या काही मुलांना अंतराची ही जाण पूर्ण येतही नाही. ती सावल्यांवरून, वस्तूंच्या आकारावरून अंदाज बांधतात आणि छान खेळतात.

वयाची सात वर्षं उलटली म्हणून आशा सोडू नका. लवकर सुरुवात केलेली बरी, एवढंच. आणि शाळेत चिडवत असतील, तर पट्टी घरी लावली तर चालेल का, हेही विचारून घ्या.